अँटेनाचं तोंड कुठे? : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात हौशी रेडिओवर लिहिताना मी शेवटी म्हटलं होतं, अँटेनाबद्दल काही अडलं तर कळवा. पत्रं आली, आणि जवळजवळ सगळी दिशादर्शी अँटेनाबद्दलच आली. म्हणजे ज्याला तोंड असतं, जो एकाच बाजूला बघतो, तो अँटेना.

मला याचं नवल वाटलं नाही. पुण्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात टीव्ही आला तेव्हा मी शाळेत होते. १९७३ मध्ये सिंहगडावरून प्रक्षेपण सुरू झालं आणि बघता बघता पेठेतल्या सगळ्या गच्च्यांवरच्या काड्या गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वाऱ्याने अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या. मग बाबा पत्र्यावर चढायचे, आई खिडकीत आणि मी टीव्हीपुढे. 'आलं का?' 'नाही!' 'आता?' 'आलं, आलं... गेलं!' एवढ्याशा फिरवण्याने चित्र येतं आणि जातं, हे का, हा प्रश्न मला तिथे पडला. पुढे तंत्रनिकेतनात ३१ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला, तरी त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिले.

उत्तरांकडे वळण्याआधी एकच गोष्ट सांगते, ती सगळ्या पत्रांना लागू आहे. अँटेना कणभरही शक्ती तयार करत नाही. दरीपलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही हात तोंडाशी धरतो. घसा तोच, दम तोच, पण इकडेतिकडे सांडणारा आवाज समोर जातो. दिशादर्शी अँटेना हेच करतो: बाकीच्या दिशांचं काढून एका दिशेला देतो. त्यामुळे 'किती डेसिबलचा घेऊ?' याच्या आधी 'कुठे बघायचंय आणि मधे काय आहे?' हे विचारायचं. डेसिबलचा हिशोब सोपा आहे: ३ म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट.

प्रश्न : आजोळी माळ्यावर टीव्हीचा जुना अँटेना सापडला. एका नळीवर पाच काड्या आहेत, पण वायर जोडायची सोय फक्त एकीलाच आहे, आणि तीही सरळ काडी नसून लांबट कडी आहे. बाकीच्या चार नुसत्या शोभेच्या का? आणि त्या सारख्या लांबीच्या का नाहीत? (नववीतला विद्यार्थी, देवरुख)

शोभेची एकही नाही. टेप घे आणि मोज. कडीच्या एका बाजूला एकच काडी असेल आणि ती सगळ्यांत लांब असेल. तो रिफ्लेक्टर. दुसऱ्या बाजूच्या तीन काड्या कडीपेक्षा आखूड असतील. ते डायरेक्टर. अँटेनाचं तोंड आखूड काड्यांच्या बाजूला.

लहर आली की पाचही काड्यांत बारीकसा प्रवाह सुरू होतो, वायर जोडलेली असो वा नसो. आणि प्रवाह वाहिला की ती काडी स्वतःही लहर सोडते. आता काडीची लांबी बरोबर अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास असेल तर ती लहरीच्या ठेक्यात डोलते. थोडी लांब असेल तर ठेक्याच्या जरा मागे पडते, आखूड असेल तर जरा पुढे राहते. झोक्याला योग्य क्षणी धक्का दिला तर झोका चढतो, अयोग्य क्षणी दिला तर अडतो, तसंच इथे होतं. मागची लांब काडी आणि पुढच्या आखूड काड्या यांच्या लहरी समोरच्या दिशेला एकमेकींना धक्का देतात आणि मागच्या दिशेला एकमेकींना अडवतात. लांबी आणि अंतर यांचं गणित एवढ्यासाठीच असतं.

हा शोध जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठातला. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो १९२६ मध्ये मांडला. मोजमापांची चिकाटीची कामं बरीचशी उदांनी केली, पण १९२८ चा इंग्रजीतला निबंध यागींच्या नावावर निघाला आणि जगभर 'यागी' हेच नाव रूढ झालं. मी मात्र वर्गात कायम 'यागी-उदा' असंच म्हणत आले, तूही तसंच म्हण. जपानमध्ये या शोधाकडे फारसं लक्ष गेलं नव्हतं. १९४२ मध्ये सिंगापूर जिंकल्यावर जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिशांच्या रडारविषयीच्या टिपणांची वही लागली. तीत 'यागी' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. हे काय, म्हणून त्यांनी कैद्याला विचारलं, आणि हे तुमच्याच माणसाचं नाव आहे असं त्याच्याकडून कळलं, अशी हकिगत सांगतात.

आता ती कडी. मधे वायर जोडलेल्या साध्या दोन तुकड्यांच्या काडीचा, म्हणजे डायपोलचा, अवरोध ७३ ओहमच्या आसपास असतो. तोच दुमडून कडी केली की चौपट होतो, म्हणजे जवळजवळ ३०० ओहम. आणि टीव्हीपर्यंत येणारी ती चपटी, दोन तारांची पट्टीसारखी वायर होती ३०० ओहमचीच. म्हणून कडी.

आणखी एक बघ. बाकीच्या काड्या धातूच्या नळीवर सरळ स्क्रूने आवळलेल्या असतील, मधे प्लास्टिक नसेल. शॉर्ट कसं होत नाही? कारण काडीच्या बरोबर मध्यावर विद्युतदाब शून्य असतो. सगळा दाब टोकांना. मध्याला नळीचा स्पर्श झाला काय, न झाला काय, फारसा फरक पडत नाही.

कडीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोज आणि १४२५० ला त्या आकड्याने भाग. येईल ते साधारण मेगाहर्ट्झ. ७५ सेंटिमीटर भरली तर १९०, म्हणजे तो अँटेना १७४ ते २३० च्या टीव्ही पट्ट्यातला. दूरदर्शनची जमिनीवरून होणारी ती जुनी प्रक्षेपणं आता बहुतेक ठिकाणी बंद झाली आहेत, तरी अँटेना भंगारात देऊ नकोस. पुढे एखाद्या प्रयोगात ती नळी कामाला येईल.

प्रश्न : घरापासून विहिरीवरच्या शेडपर्यंत १.३ किलोमीटर. मार्चमध्ये ५.८ गिगाहर्ट्झची दोन डिशवाली यंत्रं बसवून शेडवरचा कॅमेरा घरी आणला. घराकडचं यंत्र ४ मीटरवर, शेडवरचं ३ मीटरवर. जूनपर्यंत झकास चाललं. आता तुटक तुटक येतं आणि पाऊस पडला की बंदच. दुकानदार म्हणतो, डिश मोठी घ्या. मधे दुसरं काही नाही, आमचाच ऊस आहे. (शेतकरी, जुन्नर तालुका)

डिश घेऊ नका, पैसे राखून ठेवा. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य हेच उत्तर आहे.

मार्चमध्ये ऊस गुडघ्याएवढा असेल. आत्ता तो पुरुषभर उंचीच्या वर गेला असेल आणि तोडीपर्यंत साडेतीन मीटरवर जाईल. तुम्ही म्हणाल, शेडवरून घरचा खांब अजून दिसतो. दिसत असेल. पण नजरेला बारीकशी फट पुरते, रेडिओलहरीला पुरत नाही. दोन अँटेनांच्या मधे लहरीला काकडीच्या आकाराची जागा लागते: टोकांना निमुळती, मधे फुगलेली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञावरून तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. मधोमध ती किती जाड, याचा हिशोब तुम्ही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करू शकता. किलोमीटरमधल्या अंतराला गिगाहर्ट्झने भागा, वर्गमूळ काढा, ८.६६ ने गुणा. तुमच्यासाठी १.३ भागिले ५.८ म्हणजे ०.२२४. वर्गमूळ ०.४७३. गुणून ४.१ मीटर. ही मधल्या रेषेपासून खालीवर त्रिज्या झाली. निदान ६० टक्के तरी मोकळी हवी, म्हणजे अडीच मीटर.

तुमची एक बाजू ४ मीटरवर, दुसरी ३ वर. जमीन सपाट धरली तर मधोमध रेषा साडेतीन मीटरवर. त्यातून अडीच वजा केले की राहिला १ मीटर. ऊस मीटरभर झाला की तुमच्या लहरीच्या पोटाला पानं लागायला लागतात. जूनपर्यंत झकास का आणि नंतर का नाही, ते इथे कळतं. पावसाचंही तेच. सव्वा किलोमीटरवर ५.८ गिगाहर्ट्झला पावसाच्या थेंबांनी फरक पडत नाही, पण ओलं पान लहर पिऊन टाकतं.

तेव्हा खर्च करायचा तो उंचीवर. पूर्ण वाढलेला ऊस साडेतीन, अधिक अडीच, झाले ६ मीटर. दोन्हीकडे साडेसहा मीटरचा जीआय पाइप उभा करा. तीन बाजूंना तारेचे ताण द्या, तिन्हींमधे सारखं अंतर ठेवून. ताण नसतील तर वाऱ्यात पाइप डोलेल आणि चित्र पुन्हा येईल-जाईल. पाइपाला स्वतंत्र अर्थिंग हवंच. तुमच्याकडे वळवाच्या वेळी विजा कशा पडतात ते मी सांगायला नको.

मोठ्या डिशबद्दल दोन शब्द, कारण हा सल्ला सगळीकडेच मिळतो. ३० सेंटिमीटरची डिश या लहरीला साधारण १२ अंशांचा झोत देते, ६० सेंटिमीटरची ६ अंशांचा. जितका झोत अरुंद तितकं नेम धरणं अवघड, आणि तितकाच वाऱ्याचा त्रास जास्त. शिवाय ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ पासून विनापरवाना वापरता येतो तो मर्यादा पाळून: अँटेनासकट मोजलेली शक्ती ४ वॉटच्या आत. मोठी डिश लावली की यंत्राची शक्ती तेवढी कमी करावी लागते, म्हणजे पाठवण्यात फायदा उरत नाही, फक्त ऐकण्यात उरतो.

खांब उभे झाले की नेम धरताना घाई करू नका. मुख्य झोताच्या आजूबाजूला छोटे झोत असतात. डिश फिरवताना आकडा वाढतो, मग उतरतो, आणि माणूस 'इथेच होतं' म्हणून नट आवळतो. ते शिखर खोटं असू शकतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पूर्ण फिरवा, सगळी शिखरं बघा, सगळ्यांत उंच असेल तिथे थांबा. मग खालीवर. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तेच. दोन माणसं आणि दोन फोन लागतील, आणि 'आलं का, गेलं का' हेच संभाषण होईल.

प्रश्न : मुलांना घेऊन खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो. एवढी प्रचंड डिश, पण नुसती जाळी! पलीकडचं आकाश दिसत होतं. धाकटीने विचारलं, लहरी भोकातून निघून जात नाहीत का? आम्हाला सांगता आलं नाही. (पालक, चाकण)

धाकटीने नेमकं विचारलं. तिला घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार दाखवा. दारावर बारीक भोकांची जाळी असते. आतली भाजी दिसते, कारण प्रकाशाची तरंगलांबी त्या भोकापेक्षा हजारो पटींनी लहान. पण ओव्हनमधली लहर १२ सेंटिमीटरची. तिच्या लेखी ते भोक नसतंच, सलग पत्राच असतो.

खोडदला तेच मोठ्या मापात आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांवरची जाळी बारीक स्टेनलेस तारेची, चौकोन मधल्या भागात १० मिलिमीटरचे, कडेकडे जाताना १५ आणि २० मिलिमीटरचे. आकाशातून येणारी, हायड्रोजनची म्हणून प्रसिद्ध असलेली लहर २१ सेंटिमीटरची, आणि तिथे अभ्यासतात त्यांतल्या आखूड लहरींपैकी ती एक. बाकीच्या बहुतेक त्याहून लांब, दोन-अडीच मीटरपर्यंत. दोन सेंटिमीटरच्या भोकातून त्यांना निसटता येत नाही.

मग पत्रा का नाही ठोकला? वाऱ्यामुळे. ४५ मीटरचं सलग भांडं म्हणजे केवढं शीड होईल, याचा विचार करा. ते पेलायला लोखंड किती लागेल, फिरवायला मोटारी किती. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच वाट काढली: दोरांच्या आधाराने ताणून धरलेली हलकी जाळी, जिच्यातून वारा निघून जातो आणि लहर अडते. भारतात, भारताला परवडेल अशा खर्चात, जगातली या लहरींसाठीची अग्रगण्य दुर्बीण उभी राहिली ती या एका विचारावर. मी विद्यार्थ्यांना दरवर्षी तिथे न्यायची ते डिशचा आकार दाखवायला नव्हे, ही जाळी दाखवायला.

धाकटीला आणखी एक सांगा. २१ सेंटिमीटरच्या लहरीवर त्या एका डिशचा झोत साधारण ०.४ अंशाचा असतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रापेक्षाही अरुंद. याहून बारीक बघायचं असेल तर तीसही डिशचं ऐकलेलं एकत्र करतात. त्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत, म्हणजे बारकाव्याच्या बाबतीत जणू एकच २५ किलोमीटरची डिश.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ८६६ मेगाहर्ट्झचा यागी केला. सॉफ्टवेअरमध्ये १२ डीबीआय (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेतले डेसिबल) दाखवतो. प्रत्यक्षात मोड्यूलसोबत आलेल्या बोटभर अँटेनापेक्षाही कमी पल्ला मिळतोय. डिझाइन चुकलं का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर)

डिझाइनवर शेवटी संशय घे. माझ्या अनुभवात अशा दहा तक्रारींपैकी फार तर एक-दोन डिझाइनच्या निघतात. बाकीच्या कुठे निघतात ते क्रमाने सांगते, तू त्याच क्रमाने बघ.

पहिलं, कनेक्टर. भिंग घे आणि आत बघ. दिसायला सारखे, आटे सारखे, पण एका जातीत नराच्या मधोमध पिन असते आणि उलट्या जातीत, वायफाय राउटरला असते त्या, तिथे भोक असतं. साध्या जातीची मादी आणि उलट्या जातीचा नर एकमेकांवर छान आवळून बसतात, कुरकुर करत नाहीत, आणि मधे पिनच नसते. दोन भोकं समोरासमोर. सगळं जोडलेलं दिसतं आणि काहीच जोडलेलं नसतं. माझ्या प्रयोगशाळेत एका गटाचे चार दिवस यात गेले होते.

दुसरं, केबल. तू १० मीटर आरजी-५८ वापरली आहेस असं लिहिलंस. ८६६ ला ती मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल खाते. १० मीटरला ५ डेसिबल, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश शक्ती वर पोचते. मोड्यूलच डबीत घालून अँटेनाजवळ खांबावर चढव. खाली फक्त वीज आणि डेटा आण.

तिसरं, माप. या लहरीची लांबी ३४.६ सेंटिमीटर, काडी १७ सेंटिमीटरच्या आतबाहेर. १ मिलिमीटर चुकला की सूर सुमारे ५ मेगाहर्ट्झने सरकतो, आणि आपला विनापरवाना पट्टा ८६५ पासून सुरू होऊन जेमतेम दोन-तीन मेगाहर्ट्झ रुंद. फुटपट्टीने मोजून पक्कडीने कापलेल्या काड्या चालणार नाहीत. व्हर्नियर कॅलिपर वापर, जरा लांब काप आणि कानशीने उतरव. काड्या धातूच्या बूममधून, म्हणजे मधल्या नळीतून, आरपार गेल्या असतील तर त्यांची विद्युत लांबी कमी होते, त्यामुळे प्रत्यक्षात त्या थोड्या जास्त लांब ठेवाव्या लागतात. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये बूम धरला होतास का? बहुतेक नसेल. लाकडाची पट्टी किंवा पीव्हीसी वापरलास तर हा प्रश्नच येत नाही.

चौथं, बलून, म्हणजे केबल आणि अँटेना यांचा मेळ घालणारा जोड. डायपोलचे दोन हात सारखे असतात, कोॲक्स केबलचे नसतात: एक आतली तार, एक बाहेरची जाळी. सरळ जोडलंस तर प्रवाह जाळीच्या बाहेरच्या अंगावरूनही परत येतो, केबलच अँटेना होऊन बसते आणि तुझा नीट आखलेला झोत बिघडतो. केबल हातात धरल्यावर आकडा बदलत असेल तर हेच झालंय असं समज. कडीजवळ केबलवर दोन-तीन फेराइट मणी ओवून बघ.

पाचवं, ध्रुवण, म्हणजे लहर उभी डोलते की आडवी. हे मी स्वतः भोगलंय. १९९४ मध्ये मी कराडला गच्चीवर होते आणि मैत्रीण आगाशिवच्या डोंगरावर गेली होती. माझ्या हातात नवा बीम, म्हणजे दिशादर्शी अँटेना. डोंगर समोर दिसत होता, तरी तिचा आवाज खरखरीत बुडालेला. अख्खी दुपार मी जोडण्या तपासल्या. शेवटी हात दुखला म्हणून बीम कलता केला आणि तिचा आवाज एकदम शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ झाला. तिची काडी उभी होती आणि माझ्या आडव्या. अशा काटकोनात २० डेसिबल सहज जातात. तुझ्या दुसऱ्या टोकाचा अँटेना उभा असेल तर यागीच्या काड्याही उभ्याच हव्यात.

एवढं झाल्यावर कॉलेजच्या मैदानावर मोजणी कर. समोरचं यंत्र ३० मीटरवर स्थिर, तुझा अँटेना लाकडी स्टुलावर किंवा काठीवर, दोन्ही सारख्या उंचीवर. आधी साध्या डायपोलचा आकडा लिही, मग त्याच जागी यागीचा. फरकात २.१५ मिळवलेस की डीबीआय. मग दहा-दहा अंशांनी पूर्ण फिरवून ३६ आकडे घे आणि आलेख काढ. जमिनीवरून परतणाऱ्या लहरीमुळे आकडे थोडे हलतील, म्हणून उंची बदलून दोनदा घे. मी परीक्षक असते तर सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रापेक्षा या हाताने काढलेल्या आलेखाला जास्त गुण दिले असते.

प्रश्न : गाव डोंगराच्या कुशीत, घरात मोबाईलला रेंज नाही. ऑनलाइन 'सिग्नल बूस्टर' स्वस्तात मिळतोय. घेऊ का? (गृहिणी, वेल्हे तालुका)

नको. परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि स्वस्तातला बूस्टर आजूबाजूच्या सगळ्यांच्या फोनमध्ये गोंधळ घालतो. त्याऐवजी बाहेरचा अँटेना जोडता येईल असा सिमकार्डचा राउटर बघा. आधी फोन घेऊन घराभोवती, गच्चीवर, अंगणात फिरा आणि रेंज कुठे येते ती जागा शोधा. तिथे दिशादर्शी अँटेना टॉवरच्या बाजूला तोंड करून लावा, केबल होईल तेवढी आखूड ठेवा, आणि घरात वायफायवरून फोन करा. गच्चीवरही अजिबात रेंज नसेल तर मात्र कुठलाही अँटेना ती आणून देणार नाही. हे आधी तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

प्रश्न : अंतराळ स्थानकाचा आवाज घरी केलेल्या अँटेनावर ऐकता येतो असं तुम्ही लिहिलं होतं. कसा करायचा? खर्च किती? (अकरावीतली विद्यार्थिनी, कणकवली)

येतो, आणि पहिल्यांदा ऐकशील तो क्षण विसरणार नाहीस. २००५ च्या मे महिन्यात इस्रोने श्रीहरिकोट्याहून हॅमसॅट सोडला, खास हौशी रेडिओवाल्यांसाठी. त्याची शिट्टीसारखी खूण मी अशाच हाती धरलेल्या काड्यांवर ऐकली होती. २०१४ पर्यंत तो बोलत राहिला. आता स्थानक आहे. २०२५ च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला तिथून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच बोलले.

तुझी लहर १४५.८०० मेगाहर्ट्झ, एफएम. साहित्य: सुताराकडे असतो तसा पोलादी मोजपट्टीचा टेप, जुना असला तरी चालेल, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, त्याची एक टी आणि दोन चौफुल्या, सहा होज क्लिप, दोन-तीन मीटर कोॲक्स. हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं आणि खर्च काही शेकड्यांत होतो. त्याखेरीज ऐकायला रिसीव्हर लागेल, तो जवळच्या हॅमकडे किंवा कॉलेजात असतो, आधी तिथे विचार.

टेपचे चार तुकडे काप. मागचा १०५ सेंटिमीटर. मधला दोन हातांचा, प्रत्येक ४५, दोघांत अडीच सेंटिमीटर फट. पुढचा ८९. मागच्यापासून मधला २० सेंटिमीटरवर, मधल्यापासून पुढचा ३२ वर. मधल्या दोन हातांच्या आतल्या टोकांचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत कर, नाहीतर डाग बसत नाही. साडेबारा सेंटिमीटर तार यू आकारात वाकवून दोन हातांच्या मधे डागव, मग त्याच दोन जागी केबल: एकीकडे आतली तार, दुसरीकडे जाळी. कापलेल्या टेपची कड ब्लेडसारखी असते, चारही तुकड्यांच्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळल्याशिवाय हातात धरू नकोस. टेपचा फायदा असा की दारातून नेताना काड्या वाकतात आणि बाहेर आल्यावर आपोआप सरळ होतात.

स्थानक तुझ्या गावावरून कधी जातंय ते फोनवरच्या ॲपमध्ये कळतं. दहाएक मिनिटं मिळतात. क्षितिजावर असताना ते सुमारे २३०० किलोमीटर दूर, डोक्यावर आलं की ४०० च्या आसपास, म्हणजे आवाज जवळजवळ तीसपट जोरकस. सुरुवातीला सगळी खरखरच असेल, कंटाळून बंद करू नकोस. अँटेनाचं तोंड त्याच्या वाटेवर सावकाश फिरवत राहा. आणि मनगटही फिरव, काड्या कधी उभ्या, कधी आडव्या, कधी तिरप्या, कारण वर त्यांचा अँटेना तुझ्या सापेक्ष सतत वळत असतो. दर वेळी काही बोलणं असेलच असं नाही, कधी नुसते डेटाचे चिरके आवाज येतात. शाळांशी ठरलेल्या गप्पांच्या वेळा आधी जाहीर होतात, त्यांवर लक्ष ठेव.

ऐकण्यावर समाधान झालं नाही आणि बोलावंसं वाटलं, तर दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना काढावा लागेल. त्याचा अभ्यास कसा करायचा ते वेगळ्या पत्रात विचार. आत्ता एवढं कर: आदल्या संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर होकायंत्राने आठ दिशांच्या खडूने खुणा काढून ठेव. अंधारात ॲप म्हणतं 'ईशान्य' आणि आपण भलतीकडे बघत उभे राहतो, आणि तेवढ्यात दहातली तीन मिनिटं निघून जातात.